क्लस्टरवर नव्याने आलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पीएचडीची नवी तुकडी येते आणि आमच्या मदतकक्षाच्या मेलपेटीत तेच वीस प्रश्न नव्या नावांनी येऊन पडतात. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरवर ते प्रश्न सोडवता सोडवता जे हाताशी आलं, ते इथे लिहिलं आहे. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून देशभर बसवलेल्या ‘परम’ यंत्रणांवरही थोड्याफार फरकाने हेच चालतं. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत.

सुपरकॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपपेक्षा किती पट वेगवान असतो?

एका कोरपुरतं (कोर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक भाग) बोलायचं तर बऱ्याचदा लॅपटॉपच वेगवान. सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये कोर पुष्कळ असतात, पण एकेकट्याची गती बेताची. आयसर पुण्यातल्या ‘परम ब्रह्म’चा साधा नोड घ्या: 24 कोरचे दोन प्रोसेसर, म्हणजे 48 कोर, आणि 192 जीबी मेमरी. नोड म्हणजे कपाटात आडवा सरकवलेला एक संगणक, बस. असे शेकडो नोड वेगवान जाळ्याने जोडले की क्लस्टर झाला.

म्हणजे तुम्हाला मिळतो तो एक राक्षसी संगणक नव्हे. मिळतात पुष्कळ साधे संगणक, त्यांच्यामधलं जाळं, आणि ते सगळं वापरायला तुमच्यासोबत रांगेत उभी असलेली दोन-तीनशे माणसं. खालचे निम्मे प्रश्न या शेवटच्या गोष्टीतूनच निघतात.

कल्पना जुनीच आहे. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 1991 साली पुण्यात ‘परम 8000’ उभा केला, तोही ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची फौज एकत्र कामाला लावूनच.

मग 48 कोर मागितले तर काम 48 पट लवकर होईल ना?

नाही. आणि हा गैरसमज आम्हाला सगळ्यात महाग पडतो.

पहिली गोष्ट, प्रोग्रॅम समांतर चालण्यासाठी लिहिलेला असावा लागतो. साधी पायथन स्क्रिप्ट एका कोरवर चालते. तुम्ही 48 मागा नाहीतर 4,800 मागा, ती एकावरच बसणार. मागच्या वर्षी एका मुलाचा जॉब (क्लस्टरला करायला दिलेलं काम) चार नोडवर तीन दिवस चालला होता. सहज म्हणून पहिल्या नोडवर जाऊन ‘टॉप’ (कोणता प्रोग्रॅम किती कोर खातोय ते दाखवणारी आज्ञा) लावलं, तर वरची एकच ओळ शंभर टक्के आणि खाली सगळा शुकशुकाट. बाकीच्या तीन नोडवर तर तेवढंही नव्हतं. 192 कोर अडवलेले, 191 रिकामे, आणि बाहेर रांगेत साठ जॉब. मुलगा हुशार होता, कामही चांगलं होतं. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला.

दुसरी गोष्ट, समांतर प्रोग्रॅममध्येही काही भाग एकामागून एकच चालतो. फाइल वाचणं, शेवटची बेरीज, निकाल लिहिणं. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू होतो. कामाचा दहा टक्के भाग असा एकेरी असेल तर 48 कोरवर वेग 48 पट होत नाही, जेमतेम 8.4 पट होतो. आणि जगातले सगळे कोर आणून लावले तरी दहा पटीच्या पुढे जाता येत नाही.

म्हणून कोणतंही मोठं काम लावण्याआधी त्याचाच छोटा नमुना 1, 4, 8, 16, 32, 48 कोरवर चालवून वेळ मोजा. कागदावर सहा आकडे. जिथे कोर दुप्पट करूनही वेळ फारसा घटत नाही, तिथे थांबा. बहुतेकांचं उत्तर 8 ते 16 च्या मध्ये येतं. ते पाहून थोडा हिरमोड होतो, पण त्याला इलाज नाही.

खातं कसं मिळतं? तोवर लॅबमधल्या दादाचं खातं वापरलं तर चालेल का?

अर्ज भरा, गाईडची सही घ्या, संस्थेच्या ईमेलवरूनच पाठवा. जीमेलवरून आलेला अर्ज बाजूला राहतो.

दादाचं खातं चालणार नाही. दादा कितीही चांगला असला तरी. 2020 च्या मे महिन्यात युरोपातली कित्येक संशोधन क्लस्टर एकापाठोपाठ बंद ठेवावी लागली होती, एडिंबराचं ‘आर्चर’ त्यातलंच. चोरट्यांनी भिंत फोडली नव्हती. चोरलेल्या खऱ्या खात्यांनी ते पुढच्या दारातून आत आले होते. वापरकर्त्याचं एक खातं हातात आलं की त्याच्या किल्ल्यांनी पुढच्या क्लस्टरवर, तिथून आणखी पुढे. तेव्हा एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीची) खासगी किल्ली, म्हणजे तुमची ओळख पटवणारी फाइल, कोणाला मेल करायची नाही, व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, आणि ती बनवताना पासफ्रेज रिकामा सोडायचा नाही.

पासवर्ड टाइपच होत नाहीये. कीबोर्ड बिघडलाय का?

टाइप होतोय, दिसत नाहीये. लिनक्समध्ये ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. निर्धास्त टाइप करा आणि एंटर दाबा. मात्र पाच-सहा वेळा चुकलात तर तुमच्या संगणकाचा नेटवरचा पत्ता काही काळ बंद होतो. मग चहा पिऊन या.

लॉगिन झालं. आता प्रोग्रॅम सुरू करू?

थांबा. तुम्ही आत्ता उभे आहात तो लॉगिन नोड. ही वाड्याची ओसरी आहे. इथे चपला काढायच्या, दोन शब्द बोलायचे, आत वर्दी द्यायची. चूल इथे मांडायची नाही. फाइल संपादित करणं, लहानसहान कंपाइल, जॉब लावणं आणि त्याची चौकशी, एवढंच इथलं काम. सगळ्यांचा प्रवेश याच एक-दोन नोडवरून होतो. एकाने इथे मॅटलॅबचं मोठं गणित सुरू केलं की बाकीच्यांचं अक्षरही उमटेनासं होतं, आणि आमचा फोन वाजायला लागतो.

असा प्रोग्रॅम दिसला की आम्ही तो बंद करतो, न विचारता. राग मानू नका. हाताने करून पाहण्याची गरज असेल, एखादा बग शोधायचा असेल, तर ‘एस-रन’ वापरून तासाभरासाठी कॉम्प्युट नोडवर (जिथे खरी कामं चालतात) शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, मागा. तिथे हवा तो धुडगूस घाला.

जॉब स्क्रिप्टमध्ये काय लिहायचं?

स्क्रिप्टचे दोन भाग. वर मागणी, खाली काम.

सगळ्यात वरची ओळ बॅशची (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम). त्याखाली हॅश चिन्हाला चिकटून मोठ्या अक्षरांत ‘एसबॅच’ लिहिलेल्या ओळी: जॉबचं नाव, नोड किती, कोर किती, मेमरी किती, वेळ किती, कोणत्या पार्टिशनमध्ये (नोडच्या कोणत्या गटात), आउटपुट कुठल्या फाइलमध्ये. मग सॉफ्टवेअर लोड करण्याची ओळ आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम. ‘एसबॅच’ आज्ञेने ही फाइल दिली की एक क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा.

यात दोन खड्डे आहेत. हॅश आणि एसबॅचच्या मध्ये एक जागा सुटली तर ती ओळ साधी टिप्पणी ठरते आणि तुमची मागणी गुपचूप गायब होते. तसंच, एकदा खरी आज्ञा सुरू झाली की त्याखाली लिहिलेल्या मागण्यांकडे स्लर्म (जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) बघतसुद्धा नाही. दोन्ही वेळा तक्रार कुठेच उमटत नाही. ‘मी तर 16 कोर मागितले होते, मिळाला एकच’ अशी मेल आली की आम्ही आधी हेच बघतो.

पहिला जॉब म्हणून ‘होस्टनेम’ ही एकच आज्ञा लावा. दोन मिनिटांचा वेळ, एक कोर. आउटपुट फाइलमध्ये लॉगिन नोडऐवजी भलतंच नाव आलं की समजायचं, जमलं.

‘डॉस लाइन ब्रेक्स’ अशी काहीतरी चूक येते.

स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलीत. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य चिन्ह टाकतं, ते स्लर्मला खपत नाही. ‘डॉस टू युनिक्स’ ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. आणि यापुढे क्लस्टरवरच ‘नॅनो’ या संपादकात लिहा.

माझा जॉब कालपासून ‘पीडी’ दाखवतोय. अडकलाय का?

अडकला नाहीये, वाट बघतोय. ‘पीडी’ म्हणजे पेंडिंग. ‘एस-क्यू’ चालवल्यावर उजवीकडे कंसात कारण दिसतं. ते कोणी वाचत नाही, आणि उत्तर तिथेच असतं.

‘प्रायॉरिटी’ म्हणजे तुमच्या पुढे इतर जॉब आहेत. ‘रिसोर्सेस’ म्हणजे तुम्ही जवळजवळ पुढे आलात, जागा रिकामी व्हायची वाट आहे. मर्यादेचं काही नाव असेल तर एका माणसाला किंवा गटाला ठरवून दिलेला वाटा भरला आहे. ‘रेक नोड नॉट अव्हेल’ दिसलं तर नोड बंद असू शकतो, पण बरेचदा प्रकरण वेगळंच असतं. समजा, गुरुवारी सकाळी देखभालीसाठी यंत्रणा बंद राहणार आहे, आज बुधवार संध्याकाळ आहे आणि तुम्ही 72 तास मागितलेत. हा जॉब गुरुवारपूर्वी संपणं शक्य नाही, म्हणून स्लर्म तो सुरूच करत नाही. तोच जॉब दहा तासांचा करून पुन्हा लावा, कदाचित लगेच सुटेल.

रांग म्हटल्यावर रेशनच्या दुकानासारखी एकामागे एक रांग डोळ्यांसमोर येते. ही तशी नाही. दोन गोष्टी तिला वाकवतात.

एक म्हणजे वाटपाचा न्याय. अलीकडे ज्याने भरपूर वापरलं त्याचा क्रम खाली जातो, ज्याने कमी वापरलं त्याचा वर येतो. जुना वापर हळूहळू विसरला जातो. त्यामुळे ‘माझ्यानंतर आलेला तो माझ्याआधी कसा गेला’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या गेल्या पंधरवड्यात असतं. कित्येक ठिकाणी हा हिशेब गटाच्या खात्यावर चालतो, तेव्हा लॅबमधल्या सीनियरने रात्रभर लावलेल्या पाचशे जॉबची झळ तुम्हालाही लागते. ते आधी लॅबमध्येच बोलून घ्या.

दुसरी म्हणजे फट भरणं. समजा, दहा नोडचा मोठा जॉब पुढे उभा आहे. आठ नोड मोकळे झालेत, उरलेले दोन सहा तासांनी मोकळे होणार. मग हे आठ सहा तास रिकामे ठेवायचे का? स्लर्म मागे बघतं: पाच तासांत आटोपेल असा छोटा जॉब आहे कोणाचा? असेल तर तो पुढे. मोठ्याचा क्रम हलत नाही, छोट्याचं काम होऊन जातं. खच्चून भरलेल्या एसटीत ट्रंकेला जागा नसते, पण पिशवी कुठेतरी बसतेच.

म्हणजे वेळ कमी मागायची? पण कमी पडली तर?

मुदत संपली की जॉब मारला जातो, अर्धा निकाल लिहीत असला तरी. म्हणून प्रत्येकजण भीतीपोटी जास्तीत जास्त मुदत मागतो आणि मग दोन दिवस रांगेत कुजतो. मधला मार्ग आहे. झालेल्या जॉबचा क्रमांक देऊन ‘सेफ’ आज्ञा चालवा (स्पेलिंगमध्ये दोन एफ). प्रत्यक्ष किती वेळ लागला, मेमरी किती खाल्ली, कोर किती टक्के कामात होते, सगळं दिसतं. त्यावर वीस-पंचवीस टक्के वाढवून मागा. नऊ तास लागले असतील तर अकरा मागा, 72 नको.

मेमरीचंही तेच. 192 जीबी आणि 48 कोर म्हणजे कोरमागे 4 जीबी. तुम्ही एक कोर आणि 180 जीबी मागितलेत तर उरलेले 47 कोर कोणाच्या उपयोगाचे राहत नाहीत, आणि तुमच्या वाट्यातूनही बहुधा अख्खा नोड वजा होतो. उलट, कमी मागितलीत तर लॉगमध्ये ‘ओओएम’ (आउट ऑफ मेमरी) अशी तीन अक्षरं येतात आणि जॉब संपतो. ती तीन अक्षरं दिसली की कोडमध्ये बग शोधत बसू नका, मेमरी वाढवा.

काम दहा दिवसांचं आहे आणि मर्यादा तीन दिवसांची. मुदत वाढवून द्याल का?

बहुतेक वेळा नाही. दहा दिवस सलग चालणाऱ्या जॉबला नवव्या दिवशी नोड बिघडला तर काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. उपाय चेकपॉइंट: मधली अवस्था फाइलमध्ये साठवत जायची आणि पुढचा जॉब तिथून सुरू करायचा. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असतेच. रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं ग्रोमॅक्स काही न सांगता दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं, आणि ‘मॅक्स एच’ पर्यायात तास दिलेत तर मुदतीच्या जरा आधी आवरतं घेतं. स्वतःचा कोड असेल तर एक दिवस खर्चून ही सोय घाला. तो दिवस वसूल होतो. मग पहिला जॉब संपल्यावरच दुसरा सुरू होईल असं स्लर्मला सांगता येतं, रात्री तीनला उठून बघायला नको.

‘सुडो’ चालत नाही. सॉफ्टवेअर कसं टाकू?

सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, कोणालाच मिळत नाही, प्राध्यापकांनाही नाही. आधी ‘मॉड्यूल अव्हेल’ (आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी) बघा, तुम्हाला हवं ते आधीच असण्याची शक्यता मोठी. ‘मॉड्यूल लोड’ने ते घ्यायचं, आणि आवृत्तीचा आकडा लिहूनच घ्यायचा. नुसतं नाव लिहिलंत तर सहा महिन्यांनी आवृत्ती बदलते आणि पेपरच्या पुनर्परीक्षणाच्या वेळी आकडे जुळत नाहीत. पायथनसाठी स्वतःचं कोंडा एन्व्हायर्न्मेंट (तुमच्यापुरता पॅकेजांचा वेगळा संच) करा, पण ते होममध्ये, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, साठवताना जपून. एकेका एन्व्हायर्न्मेंटमध्ये हजारो बारीक फाइली असतात आणि कोटा नुसता जीबीचा नसतो, फाइलींच्या संख्येचाही असतो.

डेटा कुठे ठेवायचा? बॅकअप तुम्ही घेता ना?

होम लहान, तिथे कोड आणि स्क्रिप्टा. स्क्रॅच मोठं आणि वेगवान, तिथे चालू कामाचा डेटा. स्क्रॅचचा बॅकअप नसतो, आणि ठरावीक दिवस हात न लागलेल्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात. (दर रविवारी सगळ्या फाइलींना ‘टच’ करून त्यांची तारीख ताजी करणारी तुमची स्क्रिप्ट आम्हाला दिसते.)

क्योतो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये काय झालं ते सांगतो. बॅकअपच्याच स्क्रिप्टमध्ये चूक झाली आणि सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातला सुमारे 77 टेराबाइट डेटा पुसला गेला, तीन कोटींहून जास्त फाइली. तिथे ही गत, तर इतरांनी किती विसंबायचं? जे पुन्हा तयार करता येणार नाही ते दुसऱ्या ठिकाणी हवंच. नेताना ‘आर-सिंक’ वापरा. मध्येच वीज किंवा नेट गेलं तर ते राहिलेलंच नेतं, पहिल्यापासून सुरुवात नाही.

एका फोल्डरमध्ये दोन लाख फाइली करू नका. लस्टरसारखी साठवण (क्लस्टरच्या सगळ्या नोडना सामाईक असलेली फाइल यंत्रणा) मोठ्या फाइलींसाठी असते. प्रत्येक बारीक फाइलीची नोंद एकाच खिडकीवरच्या कारकुनाकडे जाते असं समजा, त्या खिडकीवर तुम्ही एकट्यानेच गर्दी केलीत तर सगळ्यांचं ‘एल-एस’ (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) ताटकळतं.

जीपीयू मागू का?

सॉफ्टवेअर जीपीयूसाठी (हजारो छोटी गणितं एकाच वेळी करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरसाठी) बनलेलं असेल तरच. नसेल तर तो नुसता अडून राहतो. जॉब चालू असताना जीपीयूचा वापर दाखवणारी ‘एनव्हिडिया एसएमआय’ ही आज्ञा लावून बघा, वापर शून्याच्या आसपास असेल तर परत करा.

मदत मागताना काय लिहू?

‘सर, जॉब चालत नाही, प्लीज अर्जंट.’ एवढीच मेल रोज येते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. जॉब क्रमांक, स्क्रिप्ट कुठे आहे तो पूर्ण मार्ग, चूक दाखवणारा मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटचं कधी चाललं होतं व त्यानंतर तुम्ही काय बदललं. मजकूर कॉपी करून पाठवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यातून आम्हाला काही शोधता येत नाही. ‘काहीच बदललं नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी एकदा फाइलींच्या तारखा बघा.

आणि प्रश्न बावळट वाटेल म्हणून चार दिवस गप्प बसू नका. लॉगिन नोडला ओसरी म्हणणारा हा लेखक पहिल्या महिन्यात तिथेच चूल मांडून बसला होता.

आमच्या कॉलेजात क्लस्टर नाही. काय करता येईल?

2015 साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय मिशनच्या यंत्रणा यजमान संस्थांपुरत्याच बांधलेल्या नाहीत, बाहेरच्या संशोधकांनाही वेळेसाठी अर्ज करता येतो. तयारी मात्र आजच सुरू करा. विंडोजमध्येच लिनक्सची उपप्रणाली टाका, फाइली हलवणं, परवानग्या, बॅश एवढं हाताला बसवा. स्लर्म मुक्त सॉफ्टवेअर आहे, एका जुन्या लिनक्स पीसीवरही बसवता येतं. सोबत, वर सांगितलेले ते सहा आकडे छोट्या प्रमाणावर मोजून अर्जाला जोडा. ‘भरपूर कोर हवेत’ असं लिहिणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात तो अर्ज उठून दिसतो.

पेपरमध्ये उल्लेख करावा लागतो का?

हो, यंत्रणेच्या नावासह. ठरलेला मजकूर संस्थेच्या पानावर असतो, तो तसाच घ्या. पुढच्या वर्षी नवे नोड मागताना आम्हाला हेच दाखवावं लागतं.

पीएचडी झाली, पुढच्या आठवड्यात जातोय. खात्याचं काय?

पुढच्या आठवड्यात जाताय आणि आत्ता विचारताय! खातं ठरावीक मुदतीनंतर बंद होतं आणि मग फाइली मालकाविना पडून राहतात. जायच्या महिनाभर आधी गाईडसोबत बसा, काय ठेवायचं ते ठरवा, उरलेलं स्वतः पुसा. ठेवायचं ते गटाच्या सामाईक फोल्डरमध्ये हलवा. ज्युनिअरला वाचता यावं म्हणून सगळ्याला 777 परवानगी (सगळ्यांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) देऊन मोकळे होऊ नका, त्याने क्लस्टरवरच्या कोणालाही तुमचा प्रबंध पुसता येतो. गटाला वाचायची परवानगी पुरे. आणि फोल्डरमध्ये एक ‘रीडमी’ टाका: कोणती स्क्रिप्ट आधी चालवायची, कोणती मॉड्यूल, कोणती आवृत्ती, आणि ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल खरंच’ यातली खरी फायनल कोणती.